थांबलेलं झाड

पहाटे उठल्यापासून महादेवाच्या पिंडीवर पाणी पडेपर्यंत भागीरथा बोलत नसे, काही खात नसे. गुरुजी गेले त्या वर्षी धरलेलं हे मौन. धानोऱ्याच्या अलीकडच्या या गावात तिला लहानथोर सगळे 'बाई' म्हणत, कारण तिचा नवरा इथल्या शाळेत गुरुजी होता. माहेर तिचं मूल गावाकडचं, धानाच्या गिरण्यांचं. बदलीच्या मागे ती इथं आली, गुरुजी इथंच निवृत्त झाले आणि इथंच गेले, म्हणून तीही इथंच राहिली. मुलगा प्रणित पुण्याला असतो. 'आई, ये ना इकडे,' असं दर रविवारी फोनवर म्हणतो. ती म्हणते, 'बघू.' मनात म्हणते, तिथं सातव्या मजल्यावर माझा महादेव कुठे शोधू?

महादेव होता गावाबाहेर, बोडीच्या म्हणजे शेततळ्याच्या काठावर. देऊळ नव्हतंच. एक पिंड, वर करंजीची सावली आणि कधीतरी कोणी लावलेला भगवा कपडा, आता पांढरा पडलेला. घरातून तांब्या भरून निघायचं, बांधावरून चालत जायचं, पाणी घालायचं, मग पहिला शब्द देवाचा. त्यानंतर दिवसभरात फारसे शब्द लागत नसतच, कारण गुरुजींनी तिला आणखी एक नेम लावून दिला होता. 'विचारलं तेवढंच बोलावं, भागीरथे. खोटं नेहमी जास्तीच्या शब्दात शिरतं.' तिनं तो नेम देवाच्या नेमासारखाच पाळला. त्यामुळे गावात एक म्हण होऊन बसली होती: 'बाईनं सांगतलं का? मंग झालं.'

तिच्या वाट्याचं बोलणं शेजारची कमळा बोलून टाकी. कमळा शेतकऱ्याच्या घरची, दोन बांध्या धानाच्या, नवरा मुखरू मुका नसून मुक्यासारखा. दुपारी भागीरथा पोथीचा एक अध्याय वाची, आणि पोथी वाचायची तर ऐकणारं कोणी पाहिजे, म्हणून कमळा समोर चिंचा फोडत, लाखोळीची डाळ निवडत बसे. निम्मी पोथी तिच्या मधल्या मधल्या बोलण्यानंच भरे.

"मंग? मंग काय केलं थ्या राजानं?"

"सांगते. वाचू तर दे."

"वाचा वाचा. पण राणीले विचारल्याबिगर कसा काय गेला वो तो? आमच्या घरी असा गेला असता, त मी चूल नसती पेटवली."

आणि चैत्रात मोह फुलला की कमळा पहाटे त्याच वाटेवर भेटे. जंगलाच्या कडेला बांधावर एक मोठं मोहाचं झाड होतं; कमळाच्या सासूपासून त्या घराचं वेचणं तिथंच. फुलं टपटप खाली पडत आणि कमळा टोपलीत वेची. पण बाई दिसली की ती उठे, झाडाखाली पदर पसरून वर बघत उभी राही आणि जमिनीला न लागलेली चार-दोन फुलं पदरात झेलून भागीरथाच्या तांब्यात टाकी. "घ्या. तुमच्या देवाले खाली पडलेलं काऊन द्याचं?" भागीरथा मौनात असे. ती नुसतं डोळ्यांनी हसे. वर्षातली ती तीन आठवड्यांची पहाट तिला सगळ्या सणांपेक्षा जवळची होती.

यंदा होळी झाली तशी बायका आपापल्या झाडांखाली झाडून आल्या आणि खोडांना शिंदीच्या पात्याच्या गाठी बांधून आल्या. ज्याची गाठ, त्याचं झाड. ही तिथली रीत. बांधावरच्या त्या मोहाला गाठ होती मंगलीची. मंगली गावाशेजारच्या गोंडांच्या वस्तीतली, टोल्यावरची, झाडूची बायको, लग्न होऊन चारेक वर्षं झालेली. मागच्या सालीही तिथं तिनंच वेचलं होतं, कारण मागच्या साली कमळा वेचायला आलीच नव्हती.

एका पहाटे भागीरथा तांब्या घेऊन चालली होती, तर कमळा झाडाशी वाकलेली. दातांनी गाठ सोडवत होती. सुटली तशी तिनं ती पात्याची गुंडाळी बांधाआड फेकली आणि कमरेची नवी पाती काढून स्वतःची गाठ बांधली. वळली, तर समोर बाई. कमळा दचकली, मग हसली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "तुमचं त मौन हाये नं बाई. बरं झालं."

भागीरथा हसली नाही. तांब्या सावरून ती पिंडीकडे चालू लागली.

*

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक भरली. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष वामनराव. चंद्रपूरला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून त्यांना जड शब्दांची गोडी लागली होती.

"आपल्याले सामोपचारानं घ्याचं हाये," ते म्हणाले. "उभयपक्षी समाधान झालं पाहिजे."

"कोणते पक्षी जी?" मागून कोणीतरी म्हणालं. ओटा हसला. वामनरावही हसले, आणि मग साध्या बोलीत आले. "बोल रे झाडू."

झाडू उभा राहिला. "माह्या बायकोनं गाठ बांधली व्हती. आठवड्यानं पाह्यतो, त आमची गाठ नाई. काकूची हाये."

"माह्या सासूपासून थे झाड आमचं," कमळा म्हणाली.

"मंग मागच्या साली काऊन नाई आली काकू?" मंगलीनं विचारलं. तिच्या आवाजात भांडण कमी आणि भीती जास्त होती. "झाड मोकळं पाह्यलं म्हणून त मी गेली."

कमळा गप्प झाली. कमळा गप्प होते, हेच लोकांना नवल. मग हळूच म्हणाली, "थे मी नाई सांगत. ज्यानं सांगाचं तो सांगन."

झाडू म्हणाला, "बाई रोज पहाटे त्याच वाटेनं जातेत. बाईले विचारा."

"हो," कमळा लगेच म्हणाली. "विचारा. बाईलेच विचारा." आणि तिनं भागीरथाकडे पाहिलं. त्या बघण्यात जरासुद्धा धाक नव्हता. पोथी उघडण्याआधी ती पाय दुमडून सैल बसे, तशी ती बसली.

"बाई," वामनराव म्हणाले, "झाडाले मंगलीची गाठ पाह्यली व्हती तुम्ही?"

"पाहिली होती."

"ती कोणी सोडली, थे पाह्यलं?"

"पाहिलं."

"कोणी?"

भागीरथानं मान खाली घातली. "कमळानं."

ओट्यावर कोणी हललं नाही. वामनरावांनी तोंड उघडलं, "बाई, आणखी..." आणि शब्द गिळून टाकला. ते पंख्याकडे बघत बसले. म्हाताऱ्यांपैकी कोणी खाकरलं. सगळे जण तिच्याकडे बघत थांबले होते. भागीरथाच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, मागच्या सालचं. पण ते विचारलं कोणी? आणि न विचारता बोलावं, तर ती शेजारणीची बाजू झाली. गावानं आपल्याला खरं बोलणारी म्हणून विचारलं, म्हणजे तेवढ्यावरच थांबायला हवं. तिनं हात जोडले आणि ती बसली.

वामनरावांनी सुस्कारा टाकला. "गाठ सोडणाऱ्याचा हक्क जाते. झाड मंगलीचं."

लोक उठले. कमळा उठली ती भागीरथाच्या अंगावरून गेली, साडीचा काठ तिच्या हाताला लागला, पण ती थांबली नाही.

*

त्या दुपारी कमळा आली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. भागीरथानं पोथी उघडली, चटई नेहमीसारखी समोर अंथरली आणि वाचायला लागली. जिथं कमळा 'मंग?' म्हणाली असती तिथं ती आपोआप थांबे. थांबून ऐके. भिंतीपलीकडे कमळाच्या घरी मुसळ वाजत असे, भांडी वाजत, मुखरूचं खोकणं येई. माणूस एवढं जवळ आणि एवढं बंद. मग ती पुढची ओवी वाची. आवाज तिचा मुळातच हळू, तो आणखी हळू होत गेला आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण मनातच वाचतोय. ऐकणाऱ्याशिवाय वाचलेली पोथी देवापर्यंत पोचते की नाही, हे गुरुजींना विचारायचं राहून गेलं होतं. तिनं चटई तुळशीकडे वळवली. तुळशीला वाचून दाखवायला लागली.

गावात कोणी तिला वाईट बोललं नाही. उलट बायका वाट सोडून उभ्या राहत, 'बाई, या' म्हणत, आणि ती जवळ गेली की गप्प होत. दळणाच्या चक्कीवरसुद्धा तसंच. तिला वाटलं, आदर असेल. पण आदराला एवढी थंडी नसते.

सोमवारी तिनं शिऱ्याचा प्रसाद केला आणि वाटी झाकून कमळाच्या दारात गेली. प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. कमळानं वाटी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली.

"कमळा," भागीरथा म्हणाली, "मी खोटं कसं बोलणार होते गं?"

कमळानं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, म्हणूनच जास्त लागले. "खोटं बोला म्हटलं व्हतं का मी? गाठ मी सोडली. थे तुम्ही नसतं सांगतलं, त मीच सांगतलं असतं." मग वाटीकडे बघत म्हणाली, "पुरं सांगाले पाहिजे व्हतं, बाई."

"पुरं म्हणजे?"

"मंग जाऊ द्या," कमळा म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं मुखरू रिकामी वाटी घासून आणून भागीरथाच्या ओट्यावर ठेवून गेला.

*

पुरं म्हणजे काय, ते तिला इतवारीनं सांगितलं. इतवारी ही मंगलीची सासू, वयानं पाठ वाकलेली. रस्त्याच्या कडेला चटईवर सुनेनं वेचलेली फुलं वाळत घालून कोंबड्या हाकत बसली होती. भागीरथा तिथून जात होती, तर म्हातारीनंच हाक मारली.

"बाई, बस इथी. तुले एक विचाराचं हाये. तू काऊन नाई बोलली?"

"बोलले ना आजी. विचारलं ते सगळं सांगितलं."

"विचारलं थे!" इतवारीनं काठी आपटली, कोंबड्या पळाल्या. "मागच्या मोहात तुह्या मांडीचं हाड मोडलं व्हतं नं? बोडीवर घसरली व्हती तू. मंग कमळी तुह्यासंगं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेली. मोह सरेवर तिथीच राह्यली. तिनं झाड कोणासाठी सोडलं?"

"माझ्यासाठी."

"मंग थे कोण सांगन?"

भागीरथाला कळेना. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. "अवो माय," ती म्हणाली. "तुले माहीतच नाई."

मग तिनं सांगितलं. दुखणेकऱ्यासाठी कोणी मोहाचं वेचणं सोडलं, तर त्याचं झाड त्याच्यासाठी थांबतं. मधे दुसऱ्यानं वेचलं तर वेचू द्यायचं, पण पुढच्या साली झाड परत त्याचंच, दुसऱ्याची गाठ त्याला लागतच नाही. लागलीच नाही, ती सोडली काय आणि न सोडली काय. मात्र ते सांगायचं त्यानं, ज्याच्यासाठी झाड सोडलं. सोडणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचं नाही, आणि पंचांनी तर विचारायचंच नाही.

"विचारून काढला त थो उपकार कसला वो? साऱ्या गावाले माहीत व्हतं. वामन्या थांबला नं तुह्यासाठी? आम्ही सारे थांबलो. माह्या सुनेले रीत माहीत नव्हती, तिलेही मी बैठकीआधी घरूनच सांगून आणलं व्हतं, बाई बोलन, मंग तू मुकाट्यानं झाड सोडजो. तू हात जोडले अन् बसली!" इतवारी फुलं पालथी करू लागली. "तो निकाल लागला, बाई. निवाडा नाई झाला. निकाल लागला का माणसं आपल्या घरी जातेत. निवाडा झाला का एकमेकाच्या घरी जातेत."

भागीरथा तिथंच बसून राहिली. उन्हात वाळणाऱ्या फुलांचा गोड, आंबूस वास येत होता. मागच्या चैत्रात तिला हा वास आलाच नव्हता. तेव्हा होता दवाखान्याच्या फरशीचा वास, आणि दोन खाटांच्या मधे जमिनीवर लुगडं अंथरून झोपलेली कमळा. पाणी घातल्याशिवाय अन्न नाही म्हणून भागीरथानं तिथंही दोन दिवस तोंड मिटून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी कमळा आवारातून एक गोल दगड घेऊन आली, पदरानं पुसला, ताटलीत ठेवला. "हा घ्या तुमचा महादेव. घाला पाणी. अन् खा आता, नाई त मी त्यालेच चारतो भात." सगळा वॉर्ड हसला होता. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं त्या दिवशी ओट्यावर. रीत माहीत नव्हती हे खरं. पण रीत माहीत नसतानाही ते जिभेवर आलं होतं आणि तिनं ते गिळलं होतं, ते लोकांनी आपल्याला निःपक्ष म्हणावं म्हणून. हे इतवारीला सांगण्यासारखं नव्हतं. देवाला माहीत होतंच.

"आता सांगून चालेल का, आजी?"

"झाडाखाली सांग. फूल पडून राह्यलं असते तवा सांग. मंग मंगली जाणे."

*

दुसऱ्या पहाटे ती तांब्या भरून निघाली. ठरवलं होतं, आधी पाणी घालायचं आणि परतताना बोलायचं; मौनही राहील आणि सांगणंही होईल. मोहाजवळ आली. मंगली पाठमोरी वाकून वेचत होती. फुलं पडत होती, पानांवर टप, मातीवर टप. भागीरथा चार पावलं पुढे गेली आणि तांब्या जड लागायला लागला. अर्धं सांगून ठेवलेलं तोंड घेऊन देवापुढे रोज उभी राहतेय मी, आणि वर म्हणते मौन.

ती वळली.

"मंगली."

पहाटेचा स्वतःचा आवाज तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो घोगरा निघाला. मंगलीच्या हातातली फुलं सांडली.

"बाई! पाणी घालून आल्या?"

"नाही घातलं अजून."

"मंग बोलल्या कशा?"

"ऐक. मागच्या साली हे झाड कमळानं माझ्यासाठी सोडलं. माझं हाड मोडलं होतं. ती माझ्याजवळ राहिली, म्हणून वेचायला आली नाही. हे मी बैठकीत सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं."

मंगली खाली बसून सांडलेली फुलं परत टोपलीत भरायला लागली, एकेक.

"आता सांगून राह्यल्या," ती म्हणाली. "अर्धा मोह त माह्या अंगणात वाळला."

"हो."

"तुम्हाले त लोकं बाई म्हणतेत. मले काय म्हणतेत, माहीत हाये? पाण्यावर गेली का बायका बादल्या उचलतेत. कमळाकाकूचं हिसकलं म्हणे मी." तिनं नाक पुसलं. "मीही कोणासंगं बोलली नाई कितीक दिवस. झाडूसंगं बोला, त थो म्हणते, पंचानं देल्लं नं, मंग?"

भागीरथानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. फुलं पडत होती.

"जा," मंगली म्हणाली. "पाणी घाला. महादेव वाट पाहून राह्यला असन."

मोडलेल्या मौनानं घातलेलं पाणी पिंडीवरून नेहमीसारखंच वाहून गेलं. भागीरथानं देवाला काही विचारलं नाही.

त्या दुपारी ती चटई समोरच अंथरून बसली. कोणी आलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडे मंगलीचा आवाज आल्यासारखा वाटला, मग कमळाचा, चढलेला, मग दार लागल्याचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी झाडाखाली कोणी नव्हतं. फुलं नुसती पडून राहिली होती, त्यांवर मुंग्या. भागीरथा त्यांना पाय न लागू देता कडेनं गेली. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. तिनं निर्जळी केली. तेवढंच तिच्या हातात होतं.

द्वादशीच्या पहाटे ती बांधावर चढली, तर मोहाच्या खोडावर दोन गाठी होत्या. एक निकालानंतर मंगलीनं बांधलेली, वाळून पिवळी पडलेली. तिच्या वर एक ताजी, हिरवी, कमळाची. झाडाच्या दोन अंगांना दोन टोपल्या. मंगली अलीकडे, आणि पलीकडे तिच्याकडे पाठ करून कमळा.

भागीरथा थांबली. मौन होतं. कमळानं पावलं ओळखली असणारच, बाईचा पाय हाड जोडल्यापासून जरा ओढत पडे. पण ती वळली नाही. वेचत राहिली.

मंगलीनं बाईकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. तिला काहीतरी ऐकून माहीत असावं. तिनं टोपलीतली चांगली टपोरी फुलं ओंजळीत घेतली आणि पुढे आली.

"थे नको टाकू," कमळा म्हणाली. मान खालीच. मंगलीला म्हणाली, बाईला नाही. "खाली पडलेली नाई चालत तिच्या देवाले. पदर पसर. झेलून दे."

मंगलीनं ओंजळ टोपलीत परत रिकामी केली. पदर दोन्ही हातांनी ताणून झाडाखाली उभी राहिली आणि वर बघायला लागली.

"तिथी नाई," कमळा पाठमोरीच म्हणाली. "इकडं ये, माह्या अंगानं. इकडची फांदी जास्त गाळते."

मंगली पलीकडे गेली. फूल लगेच पडेना. भागीरथा तांब्या धरून उभी राहिली.